टॅब्लेट नंतर घ्या, आधी वर्दीचा क्रमांक एक करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्ही सेवांच्या गाड्यांत मिळून एकच मोबाइल डेटा यंत्रणा बसवायची आहे. प्रत्येकाचे वायरलेस सेट वेगळे आहेत आणि ते तसेच राहणार आहेत. साधी फोर-जी सिमं टाकलेले टॅब्लेट आणि एक सामायिक ॲप घेतलं तर भागेल का, की सुरक्षा सेवांसाठीचं वेगळं नेटवर्कच लागेल? आणि खरेदी करताना तपासायचं काय?

नेटवर्कबद्दल सगळे आधी विचारतात, म्हणून तेवढं लगेच सांगून टाकतो. रोजच्या कामाला साधं सिम बहुतेक वेळा पुरतं, मोठ्या दिवशी पुरत नाही. त्यावर पुढे बोलूच. पण माझी पंचवीसेक वर्षं कंट्रोल रूममध्ये आणि गाड्यांच्या डॅशबोर्डखाली वायरी ओढण्यात गेली आहेत, आणि ज्या यंत्रणा माझ्या डोळ्यांदेखत धूळ खात पडल्या त्यांतली एकही नेटवर्कपायी पडली नाही. ‘सामायिक’ म्हणजे नेमकं काय सामायिक, हे कुणी ठरवलंच नव्हतं म्हणून त्या पडल्या. तिघांनी एकच टॉवर वापरला किंवा तिघांना एकाच रंगाचे टॅब्लेट दिले, एवढ्याने काही होत नाही. वर्दी, म्हणजे घटनेची आलेली खबर आणि तिची नोंद, सामायिक व्हावी लागते.

२२ जुलै २०११ ला ओस्लोत दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी सरकारी इमारतींजवळ बॉम्ब फुटला. दहाएक मिनिटांतच एका नागरिकाने पोलिसांना फोन केला: पोलिसी वेशातला, हातात पिस्तूल असलेला माणूस एका गाडीत बसून निघून गेला आहे, आणि हा घ्या गाडीचा नंबर. ज्यांनी फोन घेतला त्यांनी ते कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तो चिटोरा तिथे वीसेक मिनिटं पडून होता. तोच माणूस पुढे उटओया बेटावर गेला आणि तिथे ६९ जणांचा जीव गेला. नॉर्वेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हा सगळा घटनाक्रम उघड मांडला. त्या खोलीत फोन होते, रेडिओ होते, कामाची माणसं होती, नंबरसुद्धा हातात होता. एकदा टाकला की प्रत्येक गाडीच्या पडद्यावर उमटेल अशी जागा तेवढी नव्हती.

डेटा यंत्रणेचं खरं काम हेच. वायरलेसवरचा आवाज हवेत विरतो. त्या क्षणी ऐकत असाल तर कळलं, नाहीतर गेलं. त्यातून चॅनेलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि गाडीचा नंबर, पत्ता, रसायनाचं नाव असली माहिती बोलून सांगताना ‘परत सांगा’ दोनदा होतंच. लिहिलेला मजकूर मात्र थांबून राहतो. उशिरा आलेल्या गाडीलाही तो पहिल्यापासून वाचता येतो. म्हणून डेटा आला म्हणजे वायरलेस काढून टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ‘मागे हटा’ हे ओरडूनच सांगावं लागतं. पत्ता मात्र ओरडून सांगायची वेळ येता कामा नये.

आता माझ्या अनुभवातली एक रात्र. टँकर उलटला. पोलिसांकडे फोन आला तो ‘अपघात’ म्हणून, अग्निशमनकडे ‘गळती’ म्हणून आणि रुग्णवाहिकेकडे ‘चालक बेशुद्ध’ म्हणून. तिघांच्या तीन प्रणाली, तिघांनी आपापला क्रमांक पाडला. सामायिक नकाशा तेव्हा नुकताच सुरू झाला होता, त्यावर तिन्ही वर्द्या आल्या. अग्निशमनच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं की वारा कुठून वाहतोय आणि गाड्या कोणत्या बाजूने आणायच्या. रुग्णवाहिका उलट बाजूने, थेट वाफेत शिरली. सुदैवाने दोघांच्या डोळ्यांची आग होण्यावर निभावलं. नंतर चालकाने मला टॅब्लेट हातात दिला. तीन पिना एकावर एक चढलेल्या होत्या. सगळ्यात वर त्याची स्वतःची, खालच्या दोन दिसतच नव्हत्या. ‘साहेब, मला एकच वर्दी होती,’ तो म्हणाला. त्याच्या पडद्यापुरतं ते खरंच होतं.

त्या रात्रीनंतर मी कुठल्याही प्रस्तावात पहिला प्रश्न हाच विचारतो: तीन फोन एकाच घटनेचे आहेत हे कोण ठरवणार, कशावरून ठरवणार आणि किती सेकंदांत? चांगल्या यंत्रणेत प्रत्येक दल आपला जुना क्रमांक ठेवतं, कारण त्यांची दप्तरं, विमा, न्यायालयीन कागद सगळे त्यावर चालतात. त्याच्या वर एक सामायिक क्रमांक असतो. वेळ आणि अंतर जवळचं दिसलं की यंत्रणा ‘या दोन वर्द्या एकच आहेत का?’ असं विचारते, आणि जोडायचं काम माणूस करतो. आपोआप जोडणाऱ्या यंत्रणेवर माझा विश्वास नाही. एकाच रस्त्यावर पाचशे मीटरवर खरोखरच दोन अपघात झालेले मी पाहिले आहेत.

जोडल्यावर पुढचे नियम साधे आहेत, पण ते लिहून घ्यावे लागतात. दुसऱ्या दलाची ओळ कुणी खोडायची नाही. चुकलं असेल तर खाली नवी ओळ लिहायची. एका दलाने आपलं काम संपवलं म्हणून सामायिक वर्दी बंद व्हायची नाही. आणि घड्याळं! तिन्ही कंट्रोल रूमची घड्याळं एकाच स्रोताला बांधलेली हवीत. चार मिनिटांचा फरक असलेली दोन सर्व्हर मी पाहिली आहेत. नोंदी एकत्र लावल्या की आग विझल्यानंतर बंब निघाल्याचं दिसायचं.

ठिकाणाचा घोळ याहून वाईट. एक प्रणाली अक्षांश अंश आणि मिनिटांत देते, दुसरी दशांशात घेते. समजा, अमुक अंश ३०.५ मिनिटं. दशांशात ते .५०८ होतं. मधल्या जोडकामात कुणी ३०.५ चे आकडे तसेच दशांशचिन्हापुढे लिहिले तर .३०५ होतं. फरक दिसायला ०.२ अंशाचा. पण अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, त्यामुळे गाडी २२ किलोमीटर भलतीकडे. अशी चूक समुद्रात किंवा ओसाड जागी पडली तर लगेच लक्षात येते. घातक असते ती दुसऱ्या वस्तीत पडणारी, कारण तिथेही रस्ता असतो, घरं असतात आणि चालक शोधत बसतो. एकच पद्धत ठरवा, दशांशाची, आणि जोडकामाच्या चाचणीत मुद्दाम अर्ध्या अंशाच्या आसपासची ठिकाणं घाला.

शब्दांचंही तेच. अमेरिकेत पोलिसांचे ‘टेन-कोड’ १९३० च्या दशकाच्या शेवटी आले, कारण तेव्हाच्या सेटवर बटण दाबल्यावर पहिले काही क्षण आवाज उमटायचाच नाही. ‘टेन’ म्हणेपर्यंत सेट जागा व्हायचा. पुढे प्रत्येक विभागाने आपापले अर्थ लावले आणि एकच आकडा शेजारच्या हद्दीत वेगळं काहीतरी सांगू लागला. शेवटी २००६ पासून तिथल्या केंद्र सरकारने अनेक संस्था मिळून काम करतात तिथे साधी भाषा वापरायची अटच घातली. डेटा यंत्रणेत हा रोग दुसऱ्या वाटेने येतो, तो म्हणजे ड्रॉपडाउन यादीतून. पोलिसांच्या यादीत ‘गंभीर’ म्हणजे गुन्हा गंभीर, रुग्णवाहिकेच्या यादीत ‘गंभीर’ म्हणजे रुग्ण गंभीर. हे दोन रकाने एकमेकांना जोडून देणारा प्रोग्रामर तुम्हाला भेटेलच, मला दोनदा भेटला. यादी बनवायला प्रत्येक दलाचा एक अनुभवी डिस्पॅचर, म्हणजे फोन घेऊन गाड्या पाठवणारा माणूस, बसवा आणि अधिकाऱ्यांना त्या खोलीबाहेर ठेवा. ब्रिटनमध्ये मोठ्या घटनेचा पहिला संदेश तिन्ही सेवांनी एकाच साच्यात द्यायचा असतो: मोठी घटना जाहीर केली का, नेमकं ठिकाण, प्रकार, धोके, जायची वाट, जखमींची संख्या, कोणत्या सेवा आहेत आणि कोणत्या हव्यात. हे सात रकाने तुमच्या पडद्यावर जसेच्या तसे घेतलेत तरी काही बिघडत नाही. साचा असूनही तो वापरला गेला नाही तर काय होतं तेही ब्रिटननेच पाहिलं आहे. २२ मे २०१७ ला मँचेस्टरच्या अरीनात स्फोट झाला आणि अग्निशमनच्या गाड्या घटनास्थळी पोहोचायला दोन तासांहून जास्त लागले. अंतर जास्त होतं म्हणून नव्हे. प्रत्येक कंट्रोल रूमकडे चित्राचा वेगळा तुकडा होता.

सामायिक डेटाचा एक जुना आणि शहाणा प्रयोग वॉशिंग्टनच्या परिसरात झाला. नोव्हेंबर १९९८ मध्ये तिथल्या वुड्रो विल्सन पुलावर एक माणूस उडी मारायच्या तयारीत उभा राहिला आणि पूल कित्येक तास बंद ठेवावा लागला. मेरीलँड, व्हर्जिनिया, राजधानीचा जिल्हा, शिवाय पोलीस, अग्निशमन, वाहतूक खाती असे सगळे तिथे होते आणि एकमेकांशी बोलायची धड सोय नव्हती. त्यातून पुढे कॅपविन नावाची यंत्रणा उभी राहिली. तिने कुणाचा रेडिओ बदलला नाही, नवा टॉवर उभारला नाही. ज्याच्या गाडीत जे मोबाइल कनेक्शन असेल त्यावर एक सामायिक जागा दिली: घटनेपुरती संभाषणाची खोली, कोण ड्युटीवर आहे त्याची यादी आणि ज्यांना अधिकार आहे त्यांना नोंदी तपासायची सोय. रस्ते सांभाळणारं खातंही पहिल्यापासून आत होतं, हे मला विशेष आवडतं. पूल बंद करायचा तर पुलाचा मालक खोलीत हवाच. तुमच्या प्रश्नात तीनच सेवा आहेत. वीज आणि रस्ते यांच्यासाठी निदान वाचण्यापुरतं दार आत्ताच ठेवा, नंतर भिंत फोडावी लागते.

आता नेटवर्क. थोडा हिशेब करू, म्हणजे कशाला किती लागतं ते दिसेल.

जुन्या डेटा रेडिओचा वेग ९,६०० बिट प्रति सेकंद असायचा, पुढे १९,२०० झाला. त्यावर ५०० बाइटची वर्दी, म्हणजे ४,००० बिट, अर्ध्या सेकंदाच्या आत जाते. पण ५० किलोबाइटचा एक बारका फोटो म्हणजे चार लाख बिट. ९,६०० च्या वेगाने त्याला ४२ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ त्या चॅनेलवरच्या बाकी चाळीस गाड्या गप्प. शिवाय प्रत्येक गाडी मनाला येईल तेव्हा पाठवायला लागली तर संदेश एकमेकांवर आदळतात. हवाई विद्यापीठात १९७० च्या सुमारास अलोहा नेटवर्क झालं, त्याच्या गणितातून दिसलं की अशा बेशिस्तीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. म्हणून त्या काळच्या यंत्रणा अक्षर न् अक्षर मोजून चालायच्या, आणि खरं सांगायचं तर त्या शिस्तीची मला आजही आठवण येते. टेट्रा या सुरक्षा सेवांच्या डिजिटल वायरलेस पद्धतीत छोट्या संदेशाची सर्वात लांब मर्यादा २,०४७ बिट, म्हणजे अडीचशे बाइटच्या आसपास. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संगणकातल्या अक्षरलेखनाच्या पद्धतीत तीन बाइट खातं, म्हणजे फार तर ८५ चिन्हं बसतात. त्याच टेट्रात स्टेटस संदेश फक्त १६ बिटांचा असतो. ‘निघालो’, ‘पोहोचलो’, ‘मोकळा झालो’ याला १६ बिट पुरतात आणि फोर-जी नसलेल्या कोपऱ्यातूनही ते जातात. तुमचे वायरलेस सेट डिजिटल असतील तर स्टेटस त्यांच्यावरच ठेवा आणि तिथून सामायिक वर्दीत आणा. ही बटणं नीट चालली की चॅनेलवरची निम्मी बडबड आपोआप थांबते, हा माझा प्रत्येक ठिकाणचा अनुभव आहे.

दुसऱ्या टोकाला व्हिडिओ. बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला दीड मेगाबिट धरा. दहा गाड्यांनी एकाच जागेवरून चित्रं पाठवायला सुरुवात केली की १५ मेगाबिट झाले, आणि तेही टॉवरकडे जाणाऱ्या दिशेने, जी नेहमीच अरुंद असते. १० मेगाहर्ट्‌झच्या एलटीई, म्हणजे फोर-जी, सेलमध्ये (एका टॉवरच्या टप्प्यात) वर जाणारा वेग उत्तम परिस्थितीत पंचवीसेक मेगाबिट, आणि सेलच्या कडेला त्याचा लहानसा अंश. घटना टॉवरखालीच घडेल असं कुणी सांगितलंय? म्हणजे व्हिडिओ कोण मागू शकतो, एका वेळी किती चालू, हे घटनेवरच्या कमांडरच्या हातात हवं. प्रत्येक गाडीचा कॅमेरा सतत चालू ठेवणारी यंत्रणा प्रात्यक्षिकात फार छान दिसते.

गाड्यांचं ठिकाण ही तिसरी गोष्ट. दोनशे गाड्या दर दहा सेकंदांनी ठिकाण कळवू लागल्या तर सेकंदाला वीस संदेश. उभ्या गाडीने तेच तेच कळवण्यात अर्थ नाही. शंभर मीटर हलली की कळवा, उभी असेल तर पाच मिनिटांनी एकदा, आणि वर्दीवर असताना दाट. हा साधा बदल कुठलाही विक्रेता करून देतो, फक्त मागावा लागतो.

साध्या सिमचा प्रश्न उभा राहतो तो गर्दीत. घटना घडली की आजूबाजूचा प्रत्येक माणूस फोन काढतो आणि तुमचा टॅब्लेट त्या हजारोंपैकी एक होतो. इथे तीन वेगळे हक्क आहेत, आणि कंपन्या ते एकाच ‘प्रायोरिटी’ या शब्दात गुंडाळून विकतात. पहिला, आत शिरण्याचा. मोबाइलच्या मानकात सामान्य ग्राहकांचे प्रवेशवर्ग ० ते ९ आहेत आणि ११ ते १५ हे खास, त्यांत १२ सुरक्षा सेवांसाठी आणि १४ आपत्कालीन सेवांसाठी. टॉवर कोंडला की सामान्य वर्गांना बाहेर थोपवता येतं. दुसरा, आत गेल्यावर रांगेत पुढे उभं राहण्याचा. तिसरा, जागाच नसेल तर बसलेल्याला उठवण्याचा. कागदावर हे तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या. पहिल्याशिवाय दुसऱ्याला काही किंमत नाही, कारण दारातूनच आत येता आलं नाही तर रांग कसली? आणि हक्क द्यायचे तर तिन्ही दलांच्या प्रत्येक सिमला द्या. ७ जुलै २००५ ला लंडनच्या स्फोटांनंतर अल्डगेटच्या एक किलोमीटर परिसरात एका नेटवर्कवर असं दार खरोखर बंद केलं गेलं होतं. ज्याच्याकडे खास वर्गाचं सिम नाही असा आपलाच सहकारीही अशा वेळी बाहेर राहतो.

चौथी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती करारात लपलेली असते. २०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या वणव्यावर निघालेल्या एका अग्निशमन दलाच्या कमांड गाडीचा डेटा ठरलेला कोटा संपला म्हणून कंपनीने आवळला. वेग सुमारे दोनशेपटीने खाली आला. नेटवर्क धडधाकट होतं, रेंज होती, फक्त प्लॅन चुकीचा होता. ‘अमर्यादित’ या शब्दाखालचं बारीक अक्षर वाचायला कुणीतरी एक माणूस नेमा.

मग वेगळं नेटवर्क हवं का? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या अनुभवानंतर अमेरिकेत हा वाद दहा वर्षं चालला. २०१२ च्या कायद्याने फर्स्टनेट हे सुरक्षा सेवांसाठीचं नेटवर्क जन्माला आलं, ७०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातले २० मेगाहर्ट्‌झ त्याला मिळाले आणि २०१७ मध्ये एका व्यापारी कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला. म्हणजे ‘वेगळं’ नेटवर्कही व्यापारी टॉवरांवरच चढलं, फक्त हक्कांसकट. ब्रिटनने टेट्रावरून एलटीईवर जायचं ठरवलं, मूळ वेळापत्रकात २०१९ होतं, ते या दशकाच्या अखेरीपर्यंत सरकलं. दक्षिण कोरियाने २०१४ च्या सेवोल जहाजाच्या दुर्घटनेनंतर देशभराचं स्वतंत्र एलटीई नेटवर्क बांधायला घेतलं आणि २०२१ मध्ये पुरं केलं. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सोलच्या इतेवॉनमध्ये, चेंगराचेंगरी होण्याआधी, संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांपासून पोलिसांना त्याच भागातून एकामागून एक ११ फोन गेले. रात्री सव्वादहाच्या सुमारास जे व्हायचं ते झालं. १५९ माणसं गेली. टॉवर उभे होते. अकरा फोन म्हणजे अकरा तक्रारी नाहीत, एकच वाढत जाणारी घटना आहे, हे पडद्यावर दिसायला हवं होतं. पुन्हा तोच वर्दीचा क्रमांक.

म्हणून माझं मत असं की वेगळ्या नेटवर्कची वाट बघत थांबू नका, पण ॲप कुठल्याही एका नेटवर्कला बांधू नका. गाडीत टॅब्लेटमध्ये सिम टाकण्यापेक्षा छतावर अँटेना असलेला राउटर बसवा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं त्यात घाला आणि वर मोबाइल व्हीपीएन, म्हणजे गाडीपासून कंट्रोल रूमपर्यंतची सुरक्षित जोडणी, चालवा, म्हणजे नेटवर्क बदललं तरी लॉगिन तुटत नाही. टॅब्लेटचा आतला अँटेना पत्र्याच्या डब्यात बसलेला असतो. छतावरच्या अँटेनाने पडणारा फरक पहिल्याच दिवशी कळतो. उद्या खास पट्टा मिळाला तर राउटरमधलं एक सिम बदलायचं, संपलं. दोन कंपन्या खरोखर वेगळ्या वाटेने जातात का, हेही तपासा. एकाच खांबावर आणि एकाच फायबरवर दोघी असतील तर ती दोन सिमं म्हणजे एकच सिम.

आणि सगळंच बंद पडतं तेव्हा? पडतंच. २००५ च्या कॅटरिना वादळात हजाराहून जास्त मोबाइल टॉवर आणि आपत्कालीन फोन घेणारी ३८ केंद्रं बंद पडली होती. २५ डिसेंबर २०२० ला नॅशव्हिलमध्ये टेलिफोन केंद्राच्या इमारतीबाहेर स्फोट झाला, वीज गेली आणि त्या भागातल्या मोबाइल सेवेबरोबर फर्स्टनेटही विस्कळीत झालं. अग्रहक्क गर्दीवर चालतो, मेलेल्या केंद्रावर नाही. म्हणून यंत्रणा विकत घेण्याआधी मी एकच खोड काढतो. विक्रेता प्रात्यक्षिक देत असताना टॅब्लेट विमान मोडवर टाकतो आणि म्हणतो, आता वर्दीत एक ओळ लिहा. चांगल्या ॲपमध्ये शेवटची वर्दी, नकाशा, इमारतींचे आराखडे, धोक्याच्या नोंदी टॅब्लेटवरच असतात. ओळ लिहिली जाते, ती ‘गेली नाही’ असं स्पष्ट दिसतं आणि नेट आलं की मूळ वेळेसकट आपोआप जाते. वाईट ॲपमध्ये पांढरा पडदा आणि एक गोल फिरणारं चक्र. सर्वात वाईट म्हणजे ‘पाठवलं’ असं दाखवून न पाठवणारं. तसलं एक मी सहा महिने भोगलं आहे.

कोण काय पाहणार, या विषयावर बैठका सर्वात लांबतात, आणि लांबू द्याव्यात. पूर्ण नोंदी सगळ्यांना उघडायच्या नाहीत. रुग्णाचा आजार पोलिसांच्या पडद्यावर नको, आणि कुणाचा गुन्ह्याचा पूर्वेतिहास बंबाच्या पडद्यावर नको. पण ‘या घरात शस्त्र असू शकतं, पोलीस आल्याशिवाय आत जाऊ नका’ हे रुग्णवाहिकेला गेलंच पाहिजे. म्हणजे वाटायचा तो इशारा. त्यामागची फाइल ज्याच्या त्याच्याकडे. दर इशाऱ्याला मुदत घाला. दहा वर्षांपूर्वीच्या भाडेकरूच्या नावाने आजच्या कुटुंबाच्या दारावर धोक्याचा शिक्का राहतो, आणि तो काढायला कुणी जात नाही. कोणी काय उघडून पाहिलं याची नोंद ठेवा आणि ती अधूनमधून खरोखर वाचा. एन्क्रिप्शन आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कुठलं आहे ते विचारा. टेट्राच्या टीईए-१ या गुप्त ठेवलेल्या पद्धतीची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांइतकीच दुबळी असल्याचं डच संशोधकांनी २०२३ मध्ये जाहीर केलं. वर्षानुवर्षं लोक त्यावर निर्धास्त बोलत होते.

लॉगिनबद्दल एक. सुरक्षावाले पंधरा मिनिटांनी लॉगआउट मागतील. भर वर्दीत, हातमोजे ओले, आणि पडदा सोळा अक्षरी पासवर्ड मागतोय, हे मी पाहिलं आहे. त्यानंतर पासवर्ड काचेवर चिकटपट्टीने लागलेला असतो, तोही पाहिला आहे. गाडीतल्या राउटरजवळ असेपर्यंत आणि वर्दी चालू असेपर्यंत कार्ड टेकवून उघडेल असं करा, आणि टॅब्लेट गाडीपासून दूर गेला की लगेच कुलूप.

गाडीतल्या बसवण्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि माणसं यंत्रणेला शिव्या तिथूनच घालू लागतात. स्टँड एअरबॅगच्या वाटेत नको. रात्री पडदा पूर्ण काळा करायचं एक खरं, हाताला लागणारं बटण हवं. मेनूत शोधायला लावू नका. बॅटरीची वायर इग्निशनच्या मागून टायमरवर घ्या, नाहीतर सकाळी बंब सुरूच होणार नाही आणि दोष तुमच्या टॅब्लेटला लागेल. चालक एकटा असेल तर गाडी चालताना टायपिंग बंद, वर्दी मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज चालू.

सुरुवात कशी करायची विचाराल तर प्रत्येक दलाच्या पाच गाड्या आणि एकच प्रकारची वर्दी घ्या, रस्ता अपघात. तो रोज होतो आणि तिघेही जातात. तीन महिने चालवा. दर आठवड्याला कुठलीही एक वर्दी उचलून तिन्ही दलांचे डिस्पॅचर एका टेबलाशी बसवा आणि ओळ न् ओळ वाचा: ही माहिती पहिल्यांदा कुणाला कळली, दुसऱ्यांच्या पडद्यावर किती वाजता आली, आणि मध्ये ती कुठे अडकली. पहिल्या दोन बैठकांत भांडणं होतील. तिसरीत कुणीतरी विचारेल की तुमच्या यादीत ‘अडकलेला इसम’ असा पर्यायच नाही का, आणि दुसरा म्हणेल, आहे, पण आम्ही त्याला वेगळं नाव ठेवलंय. टॅब्लेटची ऑर्डर त्या बैठकीनंतर द्या.